दारू आणि जुनं दुखणं, दोन्ही एकाच फोनवर सांभाळायचं तर कुठल्या क्रमाने काय करायचं

फोनवर दारू कमी करायचं अ‍ॅप टाकलं, चार दिवस आकडे भरले, पाचव्या दिवशी संध्याकाळी पाठ एवढी धरली की क्वार्टर आणली आणि मग अ‍ॅप उघडायचीच लाज वाटली. गोव्यात डिचोली, साखळी, वाळपई, म्हापसा, कुठेही कुणाशी बोला, थोड्याफार फरकाने हेच ऐकू येतं, फक्त पाठीच्या जागी कुणाचा गुडघा असतो, कुणाची मान, कुणाचे रात्री जळणारे तळपाय. मी डॉक्टर नाही. माझा मोठा भाऊ खाणीवर टिपर चालवायचा, खाणी बंद पडल्यावर पिकअप घेतला, कमरेचं दुखणं पंधरा वर्षांचं आणि संध्याकाळची दारूही तितक्याच वर्षांची, त्याच्यासोबत हे सगळं मी दोनदा चुकून तिसऱ्यांदा नीट केलं. नंतर वाड्यावरच्या आणखी चार-पाच जणांना फोन सेट करून दिला, आणि प्रत्येकजण जवळपास त्याच जागी अडकला.

चूक अशी असते की दुखण्याचं अ‍ॅप वेगळं, दारूचं वेगळं, आणि दोघांची गाठ कुणीच घालत नाही. दारूचं अ‍ॅप म्हणतं आज पिऊ नका, पण सात वाजता कमरेत कळ आली की काय करायचं ते सांगत नाही. दुखण्याचं अ‍ॅप व्यायाम सांगतं, पण रात्री सहा ड्रिंक झाल्यावर सकाळी तो व्यायाम होणार नाही हे त्याला कळत नाही. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा.

## टप्पा १: आधी डॉक्टर, मग अ‍ॅप

हा टप्पा सगळे गाळतात आणि जिवावर बेतू शकेल असा हाच एक टप्पा आहे.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एका दिवसात दारू पूर्ण बंद केली तर शरीर उलटतं. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, उलटी, धडधड सुरू होऊ शकते. फिट आली तर बहुतेक वेळा पहिल्या ४८ तासांत येते, आणि भ्रम होणं, नसलेली माणसं दिसणं, अंगात ताप असा गंभीर प्रकार साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी होतो. आपल्याकडे हे जास्त करून श्रावणात किंवा चवथीला दिसतं. माणूस देवासाठी म्हणून कडक बंद करतो, घरचे खूश होतात आणि दुसऱ्या दिवशी तो आंगणात पडतो, मग सगळे म्हणतात उपवासाने चक्कर आली.

पुढच्यातलं एकही तुम्हाला लागू होत असेल तर अ‍ॅपच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नका, कमीही करू नका, आधी डॉक्टर:

- सकाळी उठल्यावर हात थरथरतात किंवा बरं वाटायला सकाळीच घोट लागतो
- पूर्वी कधी दारू बंद केल्यावर फिट आली होती किंवा भास झाले होते
- लिव्हरचा त्रास, कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी असं काही झालेलं आहे
- झोपेच्या किंवा नसांच्या गोळ्या रोज चालू आहेत
- गरोदर आहात

बाकीच्यांनी ऑडिट (AUDIT) नावाची दहा प्रश्नांची चाचणी करावी. जागतिक आरोग्य संघटनेची आहे, अगदी साधी, पाच मिनिटांत होते. गुण ० ते ४० मध्ये येतात. ८ किंवा वर म्हणजे पिणं धोक्याच्या बाजूला गेलंय, २० किंवा वर म्हणजे अवलंबित्वाची शक्यता आणि मग फोन हा फक्त जोडीला, मुख्य उपचार डॉक्टरकडे. खोटं उत्तर देऊ नका, ती चाचणी कुणी बघत नाही.

दुखण्याचीही तशीच तपासणी. दारूमुळेच होणारी दुखणी असतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तळपाय जळणं आणि बधिर होणं हे नसांना दारूने झालेलं नुकसान असू शकतं. जांघेत दुखून लंगडत चालणं हे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडल्यामुळे असू शकतं. पायाचा अंगठा लाल होऊन सुजणं गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडने होणारी सांध्याची सूज, असू शकतो. आणि वरच्या पोटात सुरू होऊन पाठीत जाणारी जबरदस्त कळ, सोबत उलट्या, ही पाठदुखी नव्हेच, स्वादुपिंडाची सूज असू शकते, त्याच रात्री हॉस्पिटल.

थांबा: लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघांच्या मधला भाग बधिर झाला, पायात ताकद राहिली नाही, तापासोबत पाठदुखी आहे, किंवा उगाच वजन उतरतंय, यात काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.

कुठे जायचं? जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा. मोठं काही असेल तर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आणि तिथेच मनोविकारासाठीचं सरकारी हॉस्पिटल, जिथे व्यसनमुक्तीची ओपीडीही आहे. फोनवर बोलायचं असेल तर टेलीमानस १४४१६ चोवीस तास चालू असतो, नशामुक्तीसाठी १४४४६ आहे. फिट, बेशुद्धी, भ्रम असेल तर १०८.

### गोळ्यांची यादी आत्ताच काढा

घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर ओता आणि फोनने फोटो काढा, डॉक्टरला तोच दाखवायचा. भावाच्या ड्रॉवरमधून सात प्रकारच्या गोळ्या निघाल्या, त्यातल्या तिघींमध्ये पॅरासिटामॉल होतं आणि त्याला एकीतलंच माहीत होतं.

- डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन: दारूसोबत जठरात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. काळा डांबरासारखा संडास झाला तर थेट हॉस्पिटल.
- पॅरासिटामॉल: रोज पिणाऱ्याच्या लिव्हरवर ताण येतो. धडधाकट माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही वरची मर्यादा, पण रोज पिणाऱ्याला डॉक्टर बऱ्याचदा २ ग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. सर्दीच्या आणि कॉम्बिनेशनच्या गोळ्यांतही ते असतं, ते धरून मोजा.
- ट्रामाडॉल: गोळीच्या पाकिटावर नाव वाचा. दारूसोबत श्वास मंदावू शकतो, फिटचा धोकाही वाढतो.
- प्रिगाबॅलिन, गॅबापेन्टिन, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम: दारूवर गुंगी चढते आणि श्वास दबतो. आणि यातल्या कुठल्याही गोळ्या रोज चालू असतील तर स्वतःहून एकदम बंदही करू नका.

घरच्यांना एक हात जोडून सांगणं. माणसाच्या नकळत जेवणात दारू सोडवायची पूड किंवा गोळी घालू नका. त्यात डायसल्फिरम असेल आणि वरून त्याने दारू घेतली तर ब्लड प्रेशर कोसळून माणूस जाऊ शकतो. ही गोळी फक्त डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याच्या संमतीने.

## टप्पा २: फोनची तयारी

एकाच फोनवर दोन अ‍ॅप लावून दोन्ही सांभाळता येतात असं वाटतं, प्रत्यक्षात चौथ्या दिवशी एक बंद पडतं. म्हणून मी सांगते, मुख्य जागा एकच ठेवा. दारूसाठी ड्रिंक लेस, ट्राय ड्राय अशी ब्रिटिश अ‍ॅप्स आहेत आणि वेदनेची डायरी लिहायचीही बरीच अ‍ॅप्स प्ले स्टोअरवर सापडतात, पण बहुतेक इंग्रजीत आणि एकेकच काम करणारी. इंग्रजीचा कंटाळा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच्याच नंबरला मेसेज करता येतो, तिथे रोज एक ओळ टाकली तरी पुरे. लिहायला त्रास होत असेल तर मराठीत व्हॉइस नोट. भावाचं अजूनही तसंच चालू आहे.

अ‍ॅप घेणार असाल तर पुढचं बघून घ्या.

युनिट कुठलं आहे? सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ब्रिटिश अ‍ॅपचं एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, अमेरिकन अ‍ॅपचं एक ड्रिंक १४ ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅम धरते. तीच १८० मिलीची क्वार्टर ब्रिटिश अ‍ॅपवर साधारण ७.७, अमेरिकन अ‍ॅपवर ४.३ आणि १० ग्रॅमच्या हिशेबात ६ येते. अ‍ॅप मध्येच बदललं की आकडा खाली जातो आणि आपल्याला वाटतं आपण सुधारलो.

रिमाइंडर येतो का? बऱ्याच फोनमध्ये बॅटरी सेव्हर अ‍ॅप झोपवून टाकतो. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवर जाऊन बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. नाहीतर सरळ घड्याळाचा अलार्म लावा, तो कधी चुकत नाही.

लॉक स्क्रीनवर काय दिसतं? नोटिफिकेशनचा मजकूर लपवा. पिकअपच्या डॅशबोर्डवर फोन असताना मालकासमोर 'आज किती प्यालात?' असं झळकलं तर माणूस त्याच क्षणी अ‍ॅप काढून टाकतो, झालेलं आहे.

पैसे कापतात का? सात दिवस फुकट म्हणून यूपीआय ऑटोपे मागत असेल तर तेवढ्यावर नाही म्हणा. दिलं असेल तर यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन रद्द करा, नुसतं अ‍ॅप डिलीट केल्याने पैसे कापायची दिलेली परवानगी जात नाही.

तपासा: अलार्मची वेळ काय ठेवलीय? रात्री दहाचा ठेवला असेल तर बदला. पिण्याच्या नेहमीच्या वेळेच्या एक तास आधीचा ठेवा, सातला बसत असाल तर सहाचा. आणि दुसरा सकाळी उठल्यावर. पिऊन झाल्यावर कुणी खरं लिहीत नाही.

## टप्पा ३: आपला ग्लास मोजा

भाऊ सांगायचा, मी दोनच पेग घेतो, आणि अ‍ॅपमध्ये दोन भरायचा. तो खोटं बोलत नव्हता. त्याचा एक स्टीलचा पेला आहे, वर्षानुवर्षं तोच. मी भाच्याची जुनी दुधाची बाटली घेतली, तिच्यावर मिलीच्या रेघा असतात, आणि म्हटलं, दादा तू रोजच्यासारखं पाणी ओत, दारू समजून. त्याने ओतलं, मी बाटलीत उतरवलं, ९० वर गेलं. दोन पेग म्हणजे १८० मिली, पूर्ण क्वार्टर. तो बाटलीकडे बघतच राहिला, मग हळूच म्हणाला, "म्हणजे मी रोज सहा घेतोय गो." वहिनी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती, ती काही बोलली नाही, तेच बरं झालं. पेल्याच्या आत ६० मिलीला वहिनीच्या नेल पॉलिशने खूण केली, ती अजून आहे.

तुम्हीही पाण्याने मोजा. साधारण हिशेब, १० ग्रॅमचं एक ड्रिंक धरून:

- ६० मिली व्हिस्की, रम किंवा बाटलीबंद काजू फेणी (४२.८ टक्के): २
- ९० मिलीची निप: ३
- १८० मिलीची क्वार्टर: ६
- ६५० मिली बिअर, ५ टक्के: अडीच
- ६५० मिली स्ट्राँग बिअर, ८ टक्के: ४
- उर्राक (काजूच्या रसाची पहिल्या भट्टीची, फेणीपेक्षा हलकी दारू), १५ टक्के धरला तर २०० मिलीचा ग्लास: जवळपास अडीच

घरगुती फेणी आणि उर्राकाची स्ट्रेंग्थ भट्टीभट्टीवर बदलते, त्यामुळे तिथे जास्तच धरा. उर्राक लिंबू आणि सोड्यात पाण्यासारखा जातो म्हणून लोक त्याला दारूत मोजतच नाहीत. मोजायचा.

गाडी चालवणाऱ्यांनी आणखी एक गणित करा. शरीर तासाला ढोबळ एक ड्रिंक उतरवतं, कुणाचं त्याहून हळू. रात्री अकराला सहावं संपलं तर पहाटे पाचला म्हापशाच्या बाजाराला माल घेऊन निघताना रक्तात अजून असू शकते, आणि कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्राम एवढीच आहे.

## टप्पा ४: चौदा दिवस फक्त लिहायचं, काही बदलायचं नाही

इथे उत्साही माणसं बिघडवतात. पहिल्याच दिवशी कमी करायला जातात आणि मग खरं चित्र कधी दिसतच नाही. चौदा दिवस नेहमीसारखंच राहा (गोळ्यांबद्दल डॉक्टरने जे सांगितलं ते सोडून, ते लगेच पाळायचं) आणि रोज दोनदा लिहा.

संध्याकाळी, पहिल्या घोटाच्या आधी: वेळ, दुखणं ० ते १०, दिवसभरात काय काम केलं, मन कसं आहे हे एका शब्दात, आणि पिण्याची इच्छा ० ते १०.

सकाळी: काल किती ड्रिंक, किती तास झोप, मध्ये किती वेळा जाग आली, आत्ता दुखणं किती.

रात्रीचा आकडा सकाळी आठवत नाही अशी तक्रार येते. त्याला सोपा उपाय म्हणजे प्रत्येक ग्लास भरला की एक फोटो. वेळ आपोआप नोंदली जाते, सकाळी गॅलरीत फोटो मोजायचे.

भावाच्या दुसऱ्या आठवड्यातल्या दोन ओळी, जशा होत्या तशा:

*मंगळवार सं. ६.१०. दुखणं ७. पणजी दोन फेऱ्या, पोती उतरवली. वैताग. इच्छा ८. बुधवार सकाळ: ७ ड्रिंक, झोप ४ तास, ३ला जाग, दुखणं ८.*

*गुरुवार सं. ६.००. दुखणं ५. एक फेरी, दुपारी जेवून आडवा. ठीक. इच्छा ४. शुक्रवार सकाळ: ३ ड्रिंक, झोप ६ तास, दुखणं ५.*

यासोबत आठवड्यातून एकदा, रविवारी, दुखण्याचे तीन प्रश्न विचारा, प्रत्येकाला ० ते १०: गेल्या आठवड्यात सरासरी दुखणं किती होतं, दुखण्याने जगण्यातला आनंद किती गेला, रोजची कामं किती अडली. तिन्हींची सरासरी काढायची. डॉक्टर मंडळी याला पेग स्केल म्हणतात, नाव योगायोगाने तसं आहे, आपल्या पेगशी संबंध नाही. ही सरासरी ३० टक्के खाली आली, म्हणजे ७ वरून ५ च्या आसपास, की फरक खरा मानतात.

नेहमीची चूक: दिवस चुकला म्हणून अंदाजाने मागचे तीन दिवस भरून काढणं. तसं करू नका, रिकामा ठेवा. चौदातले दहा खरे दिवस पुरतात.

## टप्पा ५: ओळी वाचायच्या

पंधराव्या दिवशी अर्धा तास काढा, शक्यतो घरातल्या एका विश्वासाच्या माणसाबरोबर. तीन गोष्टी शोधायच्या.

संध्याकाळचं दुखणं जास्त तेव्हा ड्रिंक जास्त होतात का? रात्री ड्रिंक जास्त झाले की सकाळचं दुखणं वाढतं का? आणि इच्छा ८ च्या वर असते तेव्हा दुखणं खरंच जास्त असतं की वैताग, एकटेपणा, पगाराचा दिवस असं काही असतं?

दारूने दुखणं काही तास दबतं हे खरं आहे, ते नाकारून उपयोग नाही, ज्याची कमर दुखते त्याला ते माहीतच असतं. पण सवय झाली की तेवढ्याच आरामाला जास्त लागते, उतरताना शरीर दुखण्याला आणखी हळवं होतं, आणि दारूने झोप पटकन लागली तरी मध्यरात्रीनंतरची झोप तुटते, मग कमी झोपेचा दुसरा दिवस जास्त दुखतो आणि संध्याकाळी परत तेच. भावाला मी हे दहा वेळा सांगितलं होतं, त्याला पटलं नव्हतं. स्वतःच्या आवाजातल्या चौदा व्हॉइस नोट्स एकापाठोपाठ ऐकल्यावर पटलं.

काहींच्या ओळींत दुखण्याचा आणि दारूचा संबंधच दिसत नाही, तेही उपयोगाचं आहे, त्यांनी पुढच्या टप्प्यात दुखण्यापेक्षा त्या दुसऱ्या कारणावर जोर द्यावा.

## टप्पा ६: दारू कमी करायच्या आधी दुखण्याची व्यवस्था

क्रम इथे उलटा झाला की सगळं फसतं. दारू हे त्या माणसाचं औषध झालेलं असतं, ते काढून घेतलं आणि जागी काही ठेवलं नाही तर तो परत जाणारच. दारू तीच ठेवून आधी आठवडाभर हे लावा.

कामाचे तुकडे. कुठलं काम किती मिनिटांनी दुखायला लागतं ते ओळींत दिसतं. चाळीस मिनिटं ड्रायव्हिंग केल्यावर कमर धरत असेल तर फोनवर तीस मिनिटांचा टायमर, वाजला की गाडी बाजूला, उतरून दोन-तीन मिनिटं चालायचं. दुखल्यावर थांबायचं नाही, दुखायच्या आधी थांबायचं. आणि बरं वाटलेल्या दिवशी सगळी राहिलेली कामं उरकायची नाहीत, मंगळवारची पोती आठवा.

संध्याकाळची पंधरा-वीस मिनिटं. पिण्याच्या वेळेच्या आधी गरम पाण्याची पिशवी, मग फिजिओने शिकवलेले दोनच व्यायाम, मग पाच मिनिटं सावकाश श्वास, चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. फिजिओकडे एकदा प्रत्यक्ष जा आणि व्यायाम करतानाचा स्वतःचा व्हिडिओ काढून आणा, युट्यूबवरचे व्यायाम तुमच्या मणक्यासाठी नसतात.

चालणं. दहा मिनिटांपासून. आडवं पडून राहिल्याने जुनी कमरदुखी वाढते.

गोळी. डॉक्टरने ठरवलेली, ठरलेल्या वेळेला. फोनवर अलार्म. ज्या दिवशी दारू होणार त्या दिवशी कुठली गोळी चालेल आणि कुठली अजिबात नाही हे डॉक्टरला सरळ विचारून लिहून ठेवा.

तपासा: आठवडाभरात सातपैकी पाच दिवस हे जमलं का? नसेल तर अजून एक आठवडा इथेच थांबा.

## टप्पा ७: आता कमी करायचं

पहिल्या टप्प्यातल्या यादीत असलेल्यांनी हे फक्त डॉक्टर सांगेल त्या वेगाने करायचं. बाकीच्यांनी असं:

पहिला आठवडा फक्त उशीर. इच्छा झाली की फोनवर तीस मिनिटांचा टायमर. इच्छा लाटेसारखी असते, बहुतेक वेळा पंधरा ते तीस मिनिटांत उतरते. त्या वेळात जेवून घ्या, खरंच, भात-आमटी पोटात गेली की अर्धी ओढ जाते. हातात ग्लास हवाच असतो, तर कोकमाचं आगळ आणि सोडा. टायमर संपल्यावर तरी प्यावंसं वाटलं तर प्या आणि लिहा.

दुसऱ्या आठवड्यापासून आकडा. सरासरी सहा असेल तर पाच ठरवा, पुढच्या आठवड्यात चार. सोबत आठवड्यातून दोन कोरे, म्हणजे अजिबात न पिण्याचे, दिवस, आणि ते कमी कामाचे निवडा, पोती उतरवायच्या दिवशी नको. घरात साठा ठेवू नका. गोव्यात बार दर वळणावर आहे त्यामुळे रस्ताच बदलावा लागतो, भाऊ आता तिठ्यावरून न येता देवळाच्या बाजूने येतो.

थांबा: कमी करताना हात थरथरले, घाम फुटला, धडधड झाली, काही दिसायला ऐकायला लागलं तर आणखी कमी करू नका, १०८ किंवा जवळचं आरोग्य केंद्र.

इथे एक इशारा मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावा. कमी केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत झोप बिघडते आणि दुखणं वाढल्यासारखं वाटतं. ते उतरतं. पण आधी माहीत नसलं की माणूस म्हणतो बघ, दारूच बरी होती. भावाच्या नवव्या दिवशीची नोट नुसती एवढीच आहे, "फाट दुखता गो, न्हिदूंक जायना." (पाठ दुखते गं, झोपता येत नाही.) त्या रात्री मी त्याला अ‍ॅपमधला सल्ला पाठवला नाही, जाऊन बसले.

घसरलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी ओळ लिहायची, आकडा जो असेल तो. अ‍ॅपमधली सलग दिवसांची मोजणी शून्यावर आली की फार लागतं, ती दिसणं बंद करता येत असेल तर बंद करा आणि महिन्यातले एकूण कोरे दिवस मोजा. जत्रा, लग्न, शिगमो हे दिवस कॅलेंडरवर आधीच टाका, आणि त्या दिवसांसाठी किती आणि कुणासोबत घरी परतायचं हे आदल्या दिवशी लिहा.

## टप्पा ८: एक माणूस पाहिजेच

फोन एकट्याने पुरत नाही, निदान सुरुवातीचे महिने तरी. गोव्यातच संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांवर एक समुपदेशन तपासून बघितलं होतं, समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती, एक ते चार भेटी. ऑडिटमध्ये १२ ते १९ गुण असलेल्या पुरुषांमध्ये तीन महिन्यांनी पिणं धोक्याच्या खाली आलेले ३६ टक्के होते, आणि ज्यांना ते समुपदेशन नव्हतं त्यांच्यात २६ टक्के. हे २०१७ साली लॅन्सेटमध्ये आलं. कुणीतरी नीट ऐकून घेणं एवढं काम करतं.

तो माणूस शक्यतो बायको किंवा आई नको, त्यांच्यावर आधीच खूप ओझं असतं आणि आकडे दाखवताना भांडण होतं. बहीण, मित्र, आरोग्य केंद्रातला समुपदेशक, एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपसातला गट) च्या मीटिंगमधला कुणी, चालेल. आठवड्यातून एक ठरलेला वेळ, दहा मिनिटांचा फोन. त्याने तीनच गोष्टी विचारायच्या: किती ओळी लिहिल्या, रविवारची दुखण्याची सरासरी किती, पुढच्या आठवड्यात अवघड दिवस कुठला. उपदेश करायचा नाही.

## टप्पा ९: चार आठवड्यांनी ओपीडीत काय घेऊन जायचं

डॉक्टरकडे पाच मिनिटं असतात, तिथे फोन चाळत बसू नका. एका कागदावर एवढंच: आठवड्याची एकूण ड्रिंक, चारही आठवड्यांची, कुठलं युनिट ते लिहून, चार रविवारच्या दुखण्याच्या सरासऱ्या, झोपेचे तास, चालू गोळ्या डोससकट, आणि एक वाक्य, सगळ्यात जास्त त्रास कधी होतो.

ड्रिंक उतरले आणि दुखणं तिथेच आहे, तर दुखण्याची तपासणी पुढे न्यायला सांगा, 'दारूमुळे आहे' म्हणून परत पाठवलं तर कागद पुढे करा. दुखणं उतरलं आणि ड्रिंक तिथेच आहेत, तर व्यसनमुक्तीची ओपीडी, तिथे ओढ कमी करायच्या गोळ्याही मिळतात, फक्त तुम्ही ट्रामाडॉलसारखी अफूच्या गटातली वेदनाशामक घेत असाल तर ते आधी सांगा, कारण त्यातली नॅलट्रेक्सोन तिच्यासोबत चालत नाही. दोन्ही हलले नाहीत तर टप्पा ४ च्या ओळी परत काढा, बहुतेक वेळा ग्लासची खूण पुसलेली असते.